लॅपटॉपची जागल

लटारू कोहपरेला झोप येत नव्हती असं नाही. ती रोज येई आणि दाराबाहेर उभी राही, कचेरीत काम घेऊन आलेल्या माणसासारखी. तिला आत घ्यायला लटारूला सवड नसे. मग ती कंटाळून निघून जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई.

दिवसा तो आमच्या तालुक्याच्या कचेरीत रोजंदारीवर शिपाई होता. रात्री, धान पोटरीत आल्यापासून कापणी होईपर्यंत, लोकांच्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, जागलीला जाई. कोणता तालुका ते लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक रागावतील, आणि बाकीच्या तालुक्यांतले आपलं नाव का आलं नाही म्हणून त्याहून जास्त रागावतील. वैनगंगा जवळ आहे, जंगल तिच्याहून जवळ आहे आणि जिल्हा लांब आहे, एवढं पुरे.

जागल म्हणजे रात्रभर जागून उभं पीक रानडुकरांपासून राखणं. चार खांबांवर मचाण, वर तणसाचं छप्पर, खाली शेकोटी. मचाणापासून बांध्यांमधून सुतळ्या गेलेल्या असतात आणि प्रत्येक सुतळीच्या टोकाला तेलाचा रिकामा डबा टांगलेला असतो. जागल्याने बसल्या जागी सुतळी ओढायची. लांब कुठेतरी डबा खडखडतो आणि डुकराला वाटतं, तिथे माणूस आहे. माणूस एका जागी, त्याचा आवाज चार जागी. सरकार याच पद्धतीने चालतं, फक्त सरकारच्या मचाणावर बहुतेक वेळा कोणी नसतं.

लटारूचा बाप जागल्या होता. त्याने पोराला शेती दिली ती टोपलीभर, आणि न झोपण्याची कला मात्र पोतंभर दिली. बसून जागणं, उभ्याने जागणं, डोळे मिटून जागणं, असे त्याचे प्रकार होते. लटारूला ते सगळे येत. त्याचे डोळे कायम लाल असत, त्यामुळे नवीन माणसाला वाटे, हा पितो. जुन्या माणसांना ठाऊक होतं की पिणारे वेगळे आहेत, आणि ते आत खुर्च्यांवर आहेत.

आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीनंतर एक शांतता पसरे. ती एखाद्या मोठ्या माणसाच्या निधनानंतर पसरते तशी असे. बाबू लोक टेबलावर हातांची घडी करून तिच्यावर गाल ठेवत. बडेबाबू आशाबाई बसल्या जागी, मान ताठ ठेवून, चष्म्यासकट झोपत. समोरच्या अर्जदाराला वाटे, बाई विचार करून राहिल्या. वर पंखा फिरे. भिंतीवरचे थोर पुरुष तेवढे जागे असत. आणि व्हरांड्यात, स्टुलावर, लटारू.

तो एकटाच जागा, कारण तो एकटाच कायम नव्हता.

त्याची बायको मनकर्णा एकदा वैतागून म्हणाली होती, “झोपायले सरकारची मंजुरी लागते का तुमाले?”

“लागते,” लटारू म्हणाला. “रोजंदारीवाला झोपला तं त्याची हाजरी कटते. कायमवाला झोपला तं त्याले इंक्रीमेंट भेटते.”

“मंग?”

“मंग काय? एक डाव कायम झालो का मी झोपीन.”

त्याचं आयुष्यातलं मागणं एवढंच होतं. लोक नोकरीत कायम होतात ते पेन्शनसाठी, मुलीच्या लग्नासाठी, गावात नमस्कार वाढावेत म्हणून. लटारूला दुपारी, पंख्याखाली, हातावर गाल ठेवून झोपायचं होतं आणि त्या झोपेचा पगार रात्रीच्या जागलीतून आपल्याला सोडवील असा त्याचा हिशेब होता. हे मागणं तो इतकं गंभीरपणे बोलून दाखवी की लोकांना ते विनोदी वाटे.

दोन हजार आठ साली कचेरीत लॅपटॉप आला. जिल्ह्याहून जीपमध्ये, निंबाळकर साहेबांच्या मांडीवर बसून आला. साहेब साताऱ्याकडचे, आमच्याकडे बदली झाली त्या दिवसापासून ते परतीच्या बदलीची वाट पाहत होते आणि मधल्या काळात नोकरी करत होते. लॅपटॉपच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘सेटिंगमध्ये बदल करू नये.’ कोणी चिकटवली, कोणाच्या सांगण्यावरून, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे ती चिठ्ठी फारच वरून आली असणार असं सगळ्यांनी धरलं.

सोबत एक पांढरा डबा होता, दोन शिंगांचा. तो फोनच्या तारेला जोडायचा, आणि तिथून लॅपटॉपपर्यंत तार लागत नाही, सगळं हवेतून, वायरलेस, असं जिल्ह्याच्या माणसाने सांगितलं आणि तो चहा पिऊन गेला. वायरलेस म्हणजे आमच्याकडे पोलिसांचा. पहिले काही दिवस लोक कचेरीत आवाज दाबून बोलले.

काम साधं होतं. तालुक्यात किती कामं सुरू आहेत, त्यांवर किती मजूर आहेत, ते रोज दुपारी लॅपटॉपवरून जिल्ह्याला कळवायचं. मजूर असोत नसोत, आकडा वेळेवर गेला पाहिजे.

सकाळी लॅपटॉप सुरू केला की कनेक्शन छान येई. कोपऱ्यातलं छोटं चित्र हिरवं होई. मग साहेब जेवायला जात. साहेब जेवून झोपत आणि इकडे लॅपटॉपही, कोणी हात लावत नाही असं पाहून, आपोआप झोपे. पडदा काळा होई. साहेब उठून येत, बटण दाबत, लॅपटॉप जागा होई. सगळं जागच्या जागी असे : घड्याळ, आकडे, मागचं डोंगराचं चित्र. फक्त कोपऱ्यात लाल फुली. कनेक्शन नाही. पांढरा डबा दिवे मिचकावत तिथेच असे, लॅपटॉप त्याच्यापासून दोन हातांवर असे, आणि दोघांची ओळख मात्र पुसलेली. बरीच माणसं अशीच झोपेतून उठतात. घर तेच, बायको समोर, आणि कोणाशी काही लागत नाही.

पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं तर कनेक्शन येई. पण बंद होऊन चालू होईपर्यंत वीज जाई. मग ती येईपर्यंत आकडा राही, आणि जिल्ह्याहून फोन येई.

तेव्हा वहाबभाईला बोलावलं. वहाबभाईचं बस स्टँडजवळ घड्याळ, रेडिओ आणि टॉर्च दुरुस्तीचं दुकान होतं. अख्ख्या गावात बारीक स्क्रू फिरवायचा पेचकस फक्त त्याच्याकडे होता, म्हणून जे जे नवं यंत्र येई त्याचं तज्ज्ञपण आपोआप त्याच्या अंगावर पडे. तो नाही म्हणत नसे. त्याने डब्याची शिंगं आधी वर केली, मग आडवी केली. मग घरून स्टीलची परात आणून डब्यामागे उभी केली. सिग्नल आपटून पुढे येतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा लाल फुली.

“वहाबभाई, परातीनं काही होत नाही,” साहेब म्हणाले.

“साहब, परात छोटी पडली,” वहाबभाई म्हणाला.

त्यानंतर सगळ्यांनी आपापलं डोकं चालवलं. कोणी लॅपटॉपचं तोंड पूर्वेकडे केलं. सागवानी कपाट हवा अडवतं म्हणून ते व्हरांड्यात काढलं, आणि त्यातल्या कागदांना बकऱ्या लागल्या. जिल्ह्याला फोन केला की तिकडून एकच उत्तर येई : रिस्टार्ट करा. ते उत्तर देणाराही नुकताच झोपेतून उठल्यासारखा बोले.

शेवटी साहेबांनी एक दिवस सगळ्यांना खोलीत बोलावलं.

“माझ्या एक लक्षात आलंय,” साहेब म्हणाले. “हा झोपून उठला की कनेक्शन जातं. झोपलाच नाही तर जात नाही. म्हणजे उपाय काय?”

“सेटिंग बदलायची, साहेब,” एक बाबू म्हणाला.

साहेबांनी नुसतं झाकणावरच्या चिठ्ठीकडे बोट केलं.

“उपाय हा की याला झोपू द्यायचं नाही. कोणीतरी जवळ बसून सतत बोट फिरवत राहायचं. प्रश्न असा आहे की जेवणानंतर या ऑफिसात जागं कोण असतं?”

कोणी काही बोललं नाही. ते न बोलणं मोठं प्रामाणिक होतं. मग एकेक करून सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात लटारू पाण्याचा जग घेऊन उभा होता.

“लटारू,” साहेब म्हणाले, “उद्यापासून तुला याची जागल करायची.”

आयुष्यभर त्याने स्वतः जागून पीक राखलं होतं. आता दुसऱ्याला जागं ठेवायचं होतं. त्याला यातला फरक लगेच कळला, आणि त्याने विचारलं, “साहेब, डुक्कर कोनत्या बाजूनं येते ह्याच्यात?”

“डुक्कर नाही. फक्त बोट फिरव.”

लटारू पंख्याखाली बसू लागला. पुढ्यात लॅपटॉप. थोडा थोडा वेळ गेला की खालच्या चौकोनी पट्टीवर तो बोट फिरवी, आंधळ्या माणसाने तोंड चाचपावं तसं हलकं. पडद्यावरचा बाण हले. लॅपटॉप झोपत नसे. आकडा वेळेवर जाऊ लागला. जिल्ह्याचे फोन थांबले. लॅपटॉपची बॅटरी नावापुरती होती, त्यामुळे भारनियमनात लॅपटॉप आणि डबा दोन्ही मरत. मरायला हरकत नव्हती, उठल्यावर ते नव्याने ओळख करून घेत. हरकत फक्त झोपेची होती.

खिडकीतून ओळखीचे डोकावत.

“काय लटारूभाऊ, आला का डुक्कर आतमंधी?”

“हळू बोल न बाप्पा,” लटारू म्हणे. “खुर्चीवर बसला हाय.”

मोठी माणसं भेटायला आली की साहेबांना लटारू शेजारी बसलेला बरा दिसत नसे. लाल डोळ्यांचा, अनवाणी, सरकारी यंत्राला गोंजारणारा. “तू जरा बाहेर बस,” ते म्हणत. बाहेर बसलं की लॅपटॉप झोपे. लटारूने त्यावर आपल्या पद्धतीचा तोडगा काढला. साहेबांच्या टेबलावर एक माऊस होता, वायरवाला. त्याला सुतळी बांधली, ती खिडकीच्या गजातून व्हरांड्यात घेतली आणि स्टुलावर बसला. थोड्या वेळाने सुतळी ओढायची, माऊस टेबलावर सरके, बाण हले. सैल सोडली की माऊसच्या मागे बांधलेलं रबर त्याला जागेवर आणी. मचाण तेच होतं, तेलाच्या डब्याच्या जागी माऊस आला होता.

आशाबाईंनी पहिल्यांदा माऊस आपोआप सरकताना पाहिला तेव्हा त्या जागेवरून उठल्या. कचेरीत त्यांना इतक्या लवकर उठताना कोणी पाहिलं नव्हतं.

“अगं बाई! हे काय हाय लटारू?”

“जागल हाय बाई. तुमी झोपा.”

साहेब मात्र खूश होते. आकडा वेळेवर जात असल्यामुळे जिल्ह्याच्या बैठकीत त्यांना पुढच्या रांगेत बसवलं गेलं होतं. एकदा मूड चांगला असताना ते म्हणाले, “लटारू, मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. रोजंदारीवरच्या लोकांमधून विशेष काम करणाऱ्याला कायम करायचं चाललंय. तुझं नाव मी टाकतो.”

लटारू घरी गेला आणि मनकर्णेला म्हणाला, “उशी शिवून ठेव.”

“काऊन?”

“सायेब नाव टाकून राह्यले.”

मनकर्णेने सावरीचा कापूस भरून उशी शिवली. ती तशीच गुंडाळून आढ्याला टांगून ठेवली, उंदरांच्या भीतीने.

मोठे साहेब यायच्या आदल्या आठवड्यात वहाबभाई डब्याची वायर बदलायला आला. तो डब्याशी खटपट करत असताना त्याचा नागपूरचा भाचा तौसीफ मोबाईलवर होता. वहाबभाई त्याला सगळी बिमारी सांगत होता आणि तो तिकडून इथे दाब, तिथे दाब सांगत होता. वहाबभाई दाबत गेला. एकाएकी थांबला. मग हसायलाच लागला.

“लटारूभाऊ, इधर ये! अरे इतकीशी गोष्ट आहे रे ही!”

लटारू आत आला. खोलीत दोघेच होते.

“हे पाहा. ह्याच्या पोटात एक वायरलेसचं कार्ड आहे. लॅपटॉप झोपतो तेव्हा तो कार्डालाही म्हणतो, तू पण झोप, बिजली वाचव. आता लॅपटॉप उठतो, पण कार्डाला कोणी उठवतच नाही! ते बिचारं सोयाच पडा है. आणि ही इथं एक टिक आहे. कार्डाला झोपू द्यायची परवानगी. ती काढली की खेळ खतम. मग हा झोपो की उठो, कनेक्शन कुठे जात नाही.”

“म्हणजे जागल लागनार नाई?”

“काहे की जागल? तू पण झोप ना आरामात.”

वहाबभाईने बोट टिकेवर नेलं. लटारूने त्याचं मनगट धरलं. त्याची पकड घट्ट होती, सुतळी ओढणाऱ्याची.

“वहाबभाई, आता नको.”

“काय झालं?”

“सायेबानं नाव टाकलं. विशेष काम म्हनून. हे काम गेलं तं मी काय विशेष हाय? पानी भरनारा तं कोनीबी हाय.”

तिकडे फोनवर तौसीफ “मामू, हुआ क्या? मामू?” करत होता.

“अरे पण यंत्र बिमार आहे रे, लटारूभाऊ.”

“असू द्या न. सारी कचेरी बिमार हाय, त्याले एकट्याले काऊन बरं करता? मले कायम होऊ द्या, मंग काढा.”

वहाबभाईने फोनवर सांगितलं, “नाही रे, काही दिसत नाही.” आणि झाकणावरच्या चिठ्ठीवर बोटाने टकटक केली. “तसंही इथं लिहिलंच आहे. बदल करू नये. हम कानून के पाबंद आदमी.”

मोठे साहेब आले ते धूळ उडवत, मागे तीन जीपा. निंबाळकर साहेबांच्या खुर्चीवर बसले. निंबाळकर साहेब उभे. लटारू बाहेर स्टुलावर, सुतळी बोटाला गुंडाळून. आज तो बापाने शिकवलेल्या तिन्ही प्रकारांनी जागत होता. मोठ्या साहेबांनी कामांचा विषय काढला, आणि त्यांच्या कोपराजवळचा माऊस हळूच पुढे सरकला आणि मागे आला.

मोठे साहेब बोलायचे थांबले.

“हे हललं.”

“हो सर.”

“का हललं?”

निंबाळकर साहेबांनी सांगितलं. लॅपटॉप झोपू नये म्हणून स्थानिक परंपरेचा उपयोग करून घेतला आहे, सर. मोठे साहेब खिडकीशी गेले, गजातून खाली वाकून त्यांनी सुतळी पाहिली, सुतळीच्या टोकाला लटारू पाहिला. बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा शांततेत माणसाची एकतर नोकरी जाते किंवा त्याला शाल मिळते.

“उत्तम,” मोठे साहेब म्हणाले. “यंत्र आणि परंपरा. फोटो घ्या. कल्पना कोणाची?”

“कार्यालयाची, सर,” निंबाळकर साहेब म्हणाले.

लटारूने खिडकीखालून हे ऐकलं. त्याला ते खरं वाटलं. तो कचेरीचाच होता. त्याने जोरात सुतळी ओढली आणि आत माऊस टेबलावरून खाली पडला.

उपक्रम वर आवडला. इतका आवडला की प्रत्येक तालुक्यात एक पद मंजूर झालं : ‘संगणक जागृती सहायक’. आदेश आला तेव्हा आशाबाईंनी तो मोठ्याने वाचला. लटारू हात पुसत उभा. पद कायम. पंखा असलेली खोली. मग आशाबाई अडखळल्या.

“पुढं वाचा न, बाई.”

“बारावी पास पाहिजे,” आशाबाई म्हणाल्या. “आणि कॉम्पुटरचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट.”

“बोट फिरवायले?”

“असं लिहिलं हाय, भाऊ. मी नाई लिहिलं.”

साहेबांनी मोठ्या मनाने समजूत घातली. “तुझ्या कामाची दखल घेतली गेली, लटारू. तुझ्यामुळे एक पद निर्माण झालं. हे काही लहान नाही.”

त्या पदावर वर्ध्याकडचा प्रफुल आला. तिशीतला, सभ्य माणूस. येताना सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून घेऊन आला. शिकवायचं काम लटारूवर पडलं.

“असं फिरवायचं बाबू, हलक्यानं.”

“एवढंच, काका?”

“एवढंच. पन झोपायचं नाई.”

प्रफुल दुसऱ्या दिवशी जेवणानंतर झोपला. त्याचा दोष नव्हता. खोली गार, पंखा संथ, काम बोट फिरवण्याचं आणि नोकरी कायम. झोप यायला माणसाला आणखी काय लागतं? लॅपटॉप झोपला. लाल फुली आली. आकडा राहिला. साहेब ओरडले, आणि ओरडले ते सवयीने “लटारू!” असंच.

“याच्याकडे लक्ष ठेव,” साहेब म्हणाले. “याला झोपू देऊ नकोस.”

“साहेब, तेच्यापेक्षा पहिल्यासारखी सुतळी माऊसले बांधतो न सीधी. ह्याले मधात काऊन ठेवायचं?”

“त्याचं पद मंजूर आहे, लटारू. मंजूर पद मधून काढता येत नाही.”

म्हणून सुतळी प्रफुलच्या खुर्चीच्या पायाला बांधली गेली. व्हरांड्यातून लटारू ओढी. खुर्ची करकरे. प्रफुल दचके, “हो काका” म्हणे आणि बोट फिरवी. लॅपटॉप जागा राही. एक माणूस पूर्ण जागा, म्हणून दुसरा अर्धा जागा, म्हणून यंत्र जागं. आणि त्या यंत्रातून वर जाणारा आकडा, ज्यात कागदावरचे मजूर कागदावरचे तलाव खोदत होते. आमच्या तालुक्यातली सगळी जाग अशी एका सुतळीला लटकलेली होती.

धान पुन्हा पोटरीत आलं. रात्री मचाण, दिवसा व्हरांडा. लटारूला आता रस्त्याने जाताना बांध्यांत खुर्च्या दिसू लागल्या, आणि कचेरीत टेबलांखाली डुकरं. एकदा त्याने भर कचेरीत ‘हूऽऽ’ करून हाकारा दिला. बाबू लोक दचकून उठले आणि फायली उघडून बसले. तेवढं एक काम त्या दिवशी जास्त झालं.

मग एका दुपारी तो वहाबभाईच्या दुकानासमोर उभा राहिला. वहाबभाई डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडत होता.

“वहाबभाई, ते टिक काढून टाका.”

वहाबभाईने भिंग काढलं. “आणि तुझी रोजी? टिक गेली तर तुझी सुतळी गेली.”

“जाऊ द्या. त्याले झोपू द्या, बाबूले झोपू द्या. मले लय झोप येऊन राह्यली, वहाबभाई. आता ते बाहेर उभी नाई राहत. ढकलून राह्यली.”

वहाबभाई दुकानाला कडी लावून निघाला.

कचेरीत जेवण झालं होतं. आशाबाई ताठ बसून विचार करत होत्या. आतल्या विश्रांतीच्या खोलीत साहेब. प्रफुल खुर्चीत मागे रेलून, तोंड उघडं. लॅपटॉप काळा. वहाबभाई चपला हातात घेऊन आत गेला, मशिदीत जावं तसा. बटण दाबलं. लॅपटॉप उठला. लाल फुली. तौसीफने सांगितलेल्या पायऱ्या आठवत तो खाली खाली गेला, ती टिक सापडली, काढली. मग लॅपटॉपला बंद करून चालू केलं. त्या दिवशी वीज गेली नाही. तीही झोपली असावी. लॅपटॉपला मुद्दाम झोपवलं, मुद्दाम उठवलं. कोपऱ्यातलं चित्र हिरवं झालं. पुन्हा झोपवलं, उठवलं. हिरवं.

वहाबभाईने खिडकीतून अंगठा दाखवला.

लटारूने सुतळी बोटावरून सोडली. तिची नीट गुंडी केली, गजाला अडकवली. व्हरांड्यातल्या बाकावर, जिथे अर्जदार बसतात तिथे, आडवा झाला, हातावर गाल ठेवला. झोप दारात होतीच. तिला या वेळी कोणी थांबवलं नाही.

साहेब उठून आले. गालावर उशीच्या शिवणीची खूण. लॅपटॉप उठवला, हिरवं, आकडा गेला. त्यांना इतका आनंद झाला की तो कोणाला तरी सांगावा म्हणून बाहेर आले, आणि त्यांना बाकावर लटारू दिसला.

“लटारू! ड्यूटीवर झोपतोस?”

लटारू हलला नाही. आशाबाई बाहेर आल्या.

“साहेब, आकडा तर गेला न?”

“तो वेगळा विषय आहे, बाई. शिस्त म्हणून काही आहे की नाही?”

कायम माणसाला काढायला चौकशी लागते, वरची मंजुरी लागते, कधी कधी एक आयुष्य लागतं. रोजंदारीवाल्याला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं पुरतं. ते सांगायलाही साहेबांना तो उठेपर्यंत थांबावं लागलं, आणि तो कचेरी बंद व्हायच्या वेळीही उठला नाही. शेवटी आशाबाईंनी त्याच्या डोक्यापाशी निरोप ठेवावा तसं हळूच सांगितलं आणि त्या घरी गेल्या. आमच्या कचेरीतून झोपण्याबद्दल काढला गेलेला तो एकटाच माणूस.

त्यानंतर कनेक्शन गेलं नाही. प्रफुलच्या जागृतीमुळे उपक्रम यशस्वी झाला, असं वर कळवलं गेलं. बाकीच्या तालुक्यांतले लोक बघायला येऊन गेले. प्रफुलने त्यांना बोट कसं फिरवायचं ते दाखवलं.

पुढे धान कापून झालं, तुरी आल्या. एके दिवशी प्रफुलने मोबाईल चार्ज करायला पांढऱ्या डब्याचा प्लग काढला आणि परत लावायचं विसरला. लॅपटॉप झोपून उठला आणि लाल फुली. वहाबभाई मेहुणीच्या लग्नाला सिरोंच्याला गेलेला. डब्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. सगळ्यांचं एकमत झालं की लटारू गेल्यामुळेच हे झालं. जिल्ह्याहून फोनवर फोन. साहेब स्वतः जीपमध्ये बसले, आशाबाईंना सोबत घेतलं आणि लटारूच्या गावी आले.

दुपारची वेळ. अंगणात मनकर्णा सुपाने तुरी पाखडत होती. पडवीत खाटेवर लटारू, डोक्याखाली सावरीची उशी.

“बाई, लटारूला उठवा,” साहेब म्हणाले. “फार अर्जंट आहे.”

“झोपले हायेत,” मनकर्णा म्हणाली.

“ते दिसतंय. उठवा ना.”

“नाई उठवत.”

आशाबाई पुढे झाल्या. “मनकर्णा, अगं साहेब आपल्या पायांनी आले इथी.”

“येऊ द्या न बाई. बसा. पानी देतो.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघा बाई, त्याला सांगा, या वेळी त्याला कायम करायचं मी नक्की बघतो. सर्टिफिकेटचं काहीतरी करू.”

मनकर्णेने खाटेकडे पाहिलं. लटारूचं तोंड थोडं उघडं होतं. बोटं सैल.

“उठल्यावर सांगीन,” ती म्हणाली. “आता उठवून फायदा नाई, सायेब. झोपेतून उठवलं का लय वेळ कोनाशी जुडत नाई ते. तुमच्या त्या यंत्रावानी.”

साहेब अंगणात उभे राहिले. मनकर्णेने दोनदा पाखडलं. मग सूप खाली ठेवलं. तुरीच्या आवाजाने लटारूची झोप मोडली असती.